‘रिझर्व्ह्ड’ आणि ‘राखीव’ : एका विशेषणाचा अर्थविचार

इंग्रजी विशेषणाला मराठी प्रतिशब्द देणे हे वरवर पाहता कोशकाराचे काम वाटते. शब्दाचा अर्थ निश्चित करावा, त्या अर्थाचा मराठी शब्द शोधावा, आणि दोघांची जोडी लावून द्यावी, एवढ्यावर ते संपते अशी समजूत असते. परंतु काही विशेषणे अशी आहेत की ती कायद्याच्या मार्गाने लोकव्यवहारात उतरली आहेत. त्यांच्या अर्थाचा निर्णय कोशात होत नाही, रानात, मतदानकेंद्रात आणि न्यायालयात होतो. ‘रिझर्व्ह्ड’ हे त्यांपैकीच एक विशेषण होय. मराठीत त्याला ‘राखीव’ असा सुटसुटीत व देखणा प्रतिशब्द मिळाला, आणि तो इतका रुळला की मूळ इंग्रजी शब्दाच्या अर्थच्छटा आणि मराठी शब्दाच्या अर्थच्छटा सर्वत्र जुळतात असा भ्रम निर्माण झाला. त्या जुळतात कोठे आणि फाटतात कोठे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारासाठी भंडारा जिल्ह्यातील साकोली हा तालुका विशेष सोयीचा आहे. झाडीपट्टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाच्या ऐन मध्यावर, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर हे गाव वसले आहे. नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाणारी एक वाट येथूनच फुटते. या तालुक्यातील सामान्य शेतकऱ्याच्या आयुष्यात ‘राखीव’ हा शब्द किमान तीन निरनिराळ्या अर्थांनी येतो. गावाशेजारचे जंगल राखीव असते, एस.टी. बसमधील काही आसने राखीव असतात. आणि ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत काही जागा राखीव असतात. तिन्ही ठिकाणी शब्द एकच, परंतु त्याचे व्याकरण एक नाही आणि परिणाम तर मुळीच एक नाहीत.

प्रथम इंग्रजी शब्दाकडे पाहू. लॅटिनमधील ‘सेर्वारे’ म्हणजे जपणे, सांभाळणे. त्याला ‘रे’ हा उपसर्ग लागून ‘मागे ठेवणे, पुढच्यासाठी बाजूस काढणे’ असा अर्थ तयार झाला. इंग्रजी कायद्याच्या भाषेत या क्रियापदाचा एक महत्त्वाचा उपयोग दानपत्रांत आणि हस्तांतरणाच्या लेखांत होतो. जमीन दुसऱ्यास देणारा मनुष्य तीतील काही हक्क, उदाहरणार्थ खाणीचा किंवा वाटेचा हक्क, देता देता स्वतःकडे ठेवतो. तो हक्क ‘रिझर्व्ह्ड’ झाला असे म्हणतात. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, हे राखणे म्हणजे रक्षण करणे नव्हे. देण्याच्या क्रियेतून वगळणे, हातचे न सोडणे, हा त्याचा गाभा आहे. पुस्तकाच्या आरंभी छापलेले ‘सर्व हक्क राखून ठेवले आहेत’ हे वाक्य याच अर्थपरंपरेतले आहे. न्यायाधीश निकाल ‘राखून ठेवतात’ तेव्हाही ते निकालाचे रक्षण करीत नसतात. तो देण्याचे लांबणीवर टाकतात, एवढेच.

यापुढचा अर्थ ‘अमुक एकासाठी बाजूस ठेवलेले’ हा होय. आसन, खोली, जागा यांच्या संदर्भात हा अर्थ येतो, आणि त्याला ‘फॉर’ या शब्दयोगी अव्ययाची जोड लागते. तिसरा अर्थ मनुष्यस्वभावाचा. मनातले सहज न बोलणारा, मोकळा न होणारा मनुष्य इंग्रजीत ‘रिझर्व्ह्ड’ असतो. तो स्वतःलाच जणू काही प्रमाणात मागे ठेवतो. हा तिसरा अर्थ तरतमभाव घेऊ शकतो: एखादा मनुष्य थोडा ‘रिझर्व्ह्ड’ असेल, दुसरा फार असेल. पहिल्या दोन अर्थांत मात्र तरतमभावाला वाव नाही. जंगल थोडेसे राखीव नसते. ते असते किंवा नसते. इंग्रजी व्याकरणकार ज्यांना वर्गदर्शक विशेषणे म्हणतात त्यांचे हे लक्षण आहे, आणि कायद्याला अशीच विशेषणे हवी असतात.

आता मराठी. ‘राखणे’ हे क्रियापद संस्कृत ‘रक्ष्’ या धातूपासून प्राकृतातील ‘रक्ख’ या रूपाच्या मार्गाने आले आहे, आणि त्याचा संसार मोठा आहे. शेत राखतात, गुरे राखतात, राखण करणारा राखणदार होतो, गाई राखणारा गुराखी होतो. साकोलीकडच्या बोलीत ‘ण’चा उच्चार ‘न’ होत असल्याने राखणीची ‘राखन’ होते, परंतु अर्थ तोच राहतो. पुढे लाक्षणिक अर्थ येतात: मान राखणे, मर्जी राखणे, अंतर राखणे, भान राखणे. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. कोणीतरी जागा आहे, त्याचे लक्ष आहे, आणि त्या लक्षामुळे वस्तू टिकून आहे. राखणे ही सतत चालू असलेली क्रिया आहे. मागे ठेवण्याचा अर्थ मराठीत नाही असे नव्हे. ‘हातचे राखून बोलणे’ किंवा ‘हातचे राखून खर्च करणे’ या प्रयोगांत तो स्पष्ट आहे, आणि इंग्रजी शब्दाच्या गाभ्याच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी प्रयोग कोणता असे विचारले तर ‘हातचे राखणे’ हाच होय असे उत्तर द्यावे लागेल. तथापि मराठी मनात प्रथम उमटतो तो राखणीचा अर्थ.

या धातूला ‘ईव’ हा कृत्प्रत्यय लागून ‘राखीव’ होते. कोरीव, घडीव, ओतीव, रेखीव, पाळीव ही त्याच जातीची विशेषणे. हा प्रत्यय क्रिया संपल्यानंतरची स्थिती दाखवितो, आणि त्या स्थितीला वस्तूचा गुण बनवून टाकतो. ‘कोरलेले लेणे’ म्हटले की कोणी कोरले हा प्रश्न उभा राहू शकतो. ‘कोरीव लेणे’ म्हटले की तो मावळतो. ‘घडलेला दगड’ आणि ‘घडीव दगड’ यांतही तोच फरक. ‘राखलेले रान’ या शब्दप्रयोगात राखणारा मनुष्य अद्याप दिसतो. ‘राखीव रान’ म्हटल्याबरोबर तो नाहीसा होतो आणि राखीवपणा हा रानाचाच धर्म, जणू त्याच्या मातीत असलेला, असे वाटू लागते. इंग्रजी भूतकालवाचक धातुसाधिताचीही गत हीच आहे. कर्ता गाळण्याची सोय दोन्ही भाषांत सारखीच उत्तम आहे. कोणी राखले, कोणापासून राखले आणि कोणासाठी राखले, हे तिन्ही प्रश्न न विचारता हे विशेषण वाक्यात निर्वेधपणे नांदू शकते. भाषांतर म्हणून ‘राखीव’ हा शब्द यशस्वी ठरला त्याचे हे एक कारण असावे.

कायद्याच्या भाषेत या शब्दाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत जुना मराठी वावर जंगलाच्या बाबतीत आहे. हिंदुस्थानातील पहिला वनकायदा १८६५ सालचा. त्यानंतर १८७८च्या कायद्याने जंगलांचे तीन वर्ग केले: ‘रिझर्व्ह्ड’, ‘प्रोटेक्टेड’ आणि ग्रामवन. हीच विभागणी १९२७च्या भारतीय वन अधिनियमात कायम राहिली आणि तो अधिनियम आजही अमलात आहे. त्याचे तिसरे कलम सांगते की, जी वनजमीन किंवा पडीत जमीन सरकारच्या मालकीची आहे, जिच्यावर सरकारचे स्वामित्वाचे हक्क आहेत, किंवा जिच्या उत्पन्नावर सरकारचा पूर्ण वा अंशतः हक्क आहे, तिचे राखीव वन करता येते. म्हणजे येथे राखणारा कोण याविषयी कायद्याच्या मनात संदेह नाही. संदेह आहे तो कोणासाठी याविषयी. ‘रिझर्व्ह्ड फॉरेस्ट’ या संज्ञेला कोणतेही पूरक पद नाही. आसन महिलांसाठी राखीव असते, जागा अनुसूचित जातींसाठी राखीव असते. जंगल नुसतेच राखीव असते. दानपत्रातील जुन्या अर्थाप्रमाणे हा शब्द येथे वापरला गेला आहे: स्वामी जे देत नाही ते. पूरक पदाची आवश्यकता मग राहतच नाही.

राखीव वन करण्याची रीतही याच अर्थाला धरून आहे. चौथ्या कलमाखाली उद्देशाची अधिसूचना निघते. सहाव्या कलमाखाली वन जमाबंदी अधिकारी स्थानिक भाषेत जाहीरनामा काढतो आणि ज्यांचे काही हक्क असतील त्यांनी ते सांगावेत म्हणून तीन महिन्यांहून कमी नाही इतकी मुदत देतो. जो हक्क मुदतीत सांगितला गेला नाही आणि चौकशीतही ज्याचे अस्तित्व आढळले नाही, तो नवव्या कलमाने नष्ट होतो. मात्र अंतिम अधिसूचनेपूर्वी विलंबाचे सबळ कारण दाखविल्यास अपवाद होऊ शकतो. शेवटी विसाव्या कलमाची अधिसूचना निघाली की जंगल राखीव झाले. ज्या समाजात हक्क हे कागदावर नसून वहिवाटीत असत, जेथे बांबू कोणत्या टेकडीवरून आणावा हे सर्वांना ठाऊक असे पण कोणी लिहून ठेवलेले नसे, तेथे जाहीरनाम्याला उत्तर देण्याची कल्पनाच परकी होती. वहिवाट सांगावी लागते हे कळेपर्यंत मुदत सरत असे.

येथे अर्थविचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो. ‘रिझर्व्ह्ड’ला मराठीत ‘राखीव’ आणि ‘प्रोटेक्टेड’ला ‘संरक्षित’ म्हटले जाते. इंग्रजीत हे दोन शब्द निरनिराळ्या धातूंतून आलेले आहेत. एकाचा अर्थ मागे ठेवणे, दुसऱ्याचा अर्थ आच्छादन देणे, बचाव करणे. मराठीत मात्र दोन्ही शब्द ‘रक्ष्’चीच अपत्ये आहेत: एक तद्भव, दुसरा तत्सम. परिणामी मराठी वाचकाला त्यांत अर्थभेद दिसत नाही. दिसलाच तर तो उलटा दिसतो. ‘संरक्षित’ हा शब्द ‘सम्’ उपसर्गामुळे आणि संस्कृत भारदस्तपणामुळे अधिक कडक वाटतो. ‘राखीव’ हा घरगुती वाटतो, राखीव कुरणासारखा ओळखीचा वाटतो. कायद्यातील वस्तुस्थिती याच्या नेमकी विरुद्ध आहे. राखीव वनात जे स्पष्टपणे परवानगीने दिलेले नाही ते सर्व निषिद्ध असते. सव्विसाव्या कलमाप्रमाणे तेथे नुसता अनधिकृत प्रवेश, गुरे चारणे, फांदी तोडणे हे अपराध आहेत. संरक्षित वनात जे स्पष्टपणे निषिद्ध केलेले नाही ते करण्यास मोकळीक असते, आणि पूर्वापार हक्क तेथे एकदम नष्ट होत नाहीत. वनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा भेद पहिल्या पाठात शिकविला जातो. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या स्त्रीला तो शब्दावरून कळण्याचा मार्ग नाही. संरक्षित वन कोणत्या ओढ्यापाशी संपते आणि राखीव वन कोठून सुरू होते यावर तिने अपराध केला की नाही हे ठरते, आणि दोन्ही शब्द तिला एकच गोष्ट सांगतात: कोणीतरी हे रान सांभाळीत आहे.

अधिनियमाच्या तिसाव्या कलमाने तर या दोन विशेषणांची आणखी गुंफण केली आहे. संरक्षित वनातील एखाद्या जातीची झाडे ‘रिझर्व्ह्ड’ म्हणून जाहीर करता येतात. म्हणजे संरक्षित वनात राखीव वृक्ष असू शकतात. जंगल मोकळे, झाड बंद. मराठी वाचकाला ‘संरक्षित वनातील राखीव वृक्ष’ ही शब्दसंहती द्विरुक्तीसारखी भासेल, परंतु ती द्विरुक्ती नाही.

साकोली भागात या भेदाला इतिहासाचीही एक रेघ आहे. हा प्रदेश १८६१ साली बनलेल्या मध्यप्रांतात होता. पुढे १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. मध्यप्रांतात गावोगावी मालगुजारी पद्धती होती. सरकारी मालकीची जंगले राखीव झाली. मालगुजारांच्या मालकीची जंगले त्या व्यवस्थेबाहेर राहिली आणि तेथे गावकऱ्यांचा निस्तार चालत असे. ‘निस्तार’ हा शब्द मराठी वाचकाला ‘निस्तरणे’ या क्रियापदामुळे ओळखीचा वाटेल. मूळ अर्थ पार पडणे. या प्रदेशात त्याचा अर्थ दैनंदिन गरज भागविणे असा स्थिर झाला: सरपण, गवत, नांगराचे लाकूड, मोहफुले, पाणी. त्याची नोंद ज्या पत्रकात होते ते निस्तारपत्रक; आजही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १६१व्या कलमात ते नाव आहे. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली, तिची जंगले राज्याकडे आली आणि त्यांपैकी बरीच पुढे संरक्षित वन म्हणून जाहीर झाली. त्यामुळे साकोलीच्या परिसरात राखीव आणि संरक्षित यांमधली सीमा ही पुष्कळदा जुन्या सरकारी आणि जुन्या मालगुजारी जंगलांमधली सीमा असते. मालगुजारी गेली तरी तिचे विशेषण राहिले याचे आणखी एक गमतीचे उदाहरण म्हणजे ‘माजी मालगुजारी तलाव’. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. यांतील ‘माजी’ हे मालगुजारीचे विशेषण आहे, तलावाचे नव्हे. तलाव चांगले हयात आहेत आणि त्यांच्या पाण्यावर धान पिकते. असो.

जंगलांच्या इतर नावांकडे एक दृष्टिक्षेप टाकला तर भाषांतराची अडचण अधिकच उठून दिसते. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात काही हक्क चालू ठेवण्यास वाव आहे. राष्ट्रीय उद्यानात तो जवळजवळ नाही, गुरे चारणे तर पूर्णपणे बंद. म्हणजे सर्वांत कडक निर्बंधाच्या क्षेत्राला मराठीत सर्वांत सौम्य शब्द, ‘उद्यान’, मिळाला आहे. २०१३च्या डिसेंबरात या दोन्ही क्षेत्रांसह लगतची अभयारण्ये मिळून जे ‘टायगर रिझर्व्ह’ झाले त्याला मराठीत ‘नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प’ म्हणतात. येथे ‘रिझर्व्ह’ हे नाम आहे, आणि त्याला ‘राखीव’ हा प्रतिशब्द सामान्य व्यवहारात बसला नाही. १९७३ साली सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट टायगर’ या योजनेचे नाव क्षेत्राला चिकटले. प्रकल्प ही चालणारी आणि केव्हातरी पूर्ण होणारी गोष्ट असते, जमिनीचा तुकडा नसतो; परंतु लोकांनी तो शब्द जमिनीच्या तुकड्यालाच दिला. ग्रामीण बोलीत तर ‘जंगल’ किंवा ‘रान’ म्हणजे झाडे, आणि ‘फॉरेस्ट’ म्हणजे खाते, अशी वाटणी आहे. ‘फॉरेस्टवाले आले’ या वाक्यात एकही झाड नाही.

राजकीय शब्दव्यवहारात ‘राखीव’ प्रथम आले ते याच ‘न सोडलेले’ या अर्थाने. १९१९च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली, तेव्हा काही खाती लोकनियुक्त सभासदांतून घेतलेल्या मंत्र्यांकडे दिली गेली आणि काही गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. मराठीत त्यांना ‘सोपीव’ आणि ‘राखीव’ खाती असे म्हणण्यात आले. या जोडीत ‘ईव’ प्रत्ययाचा उपयोग मोठा मार्मिक आहे. ‘सोपीव’शेजारी उभे राहिल्यावर ‘राखीव’चा हातचे न सोडण्याचा अर्थ आपोआप स्पष्ट होतो, राखणीचा अर्थ मागे सरतो. शिक्षण आणि स्थानिक स्वराज्य सोपीव. पोलीस आणि जमीनमहसूल राखीव. वनखाते मुंबई आणि ब्रह्मदेश येथे सोपीव होते, मध्यप्रांतात राखीव. त्या काळी साकोलीचे राखीव जंगल हे एका राखीव खात्याखाली होते. १९३० साली वऱ्हाडात पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली जो जंगल सत्याग्रह झाला, त्यात राखीव जंगलातील गवत कापून कायदाभंग करण्यात आला. मिठाप्रमाणेच गवत हेही निवडीच्या दृष्टीने अर्थपूर्ण होते. ते कोणी लावलेले नसते आणि ते राखीव असू शकते ही गोष्ट सामान्य माणसाच्या गळी उतरणे कठीण होते.

निवडणुकीच्या संदर्भातील ‘राखीव’ हा याच शब्दाचा दुसरा अवतार आहे, आणि त्याचे व्याकरण निराळे आहे. येथे ‘साठी’ किंवा ‘करिता’ हे पूरक अपरिहार्य असते. घटनेच्या ३३०व्या आणि ३३२व्या अनुच्छेदांनी लोकसभेत आणि विधानसभांत अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांच्यासाठी जागा राखीव केल्या. ज्याला पूर्वापार प्रवेश नव्हता त्याच्यासाठी जागा बाजूस काढणे हा येथे अर्थ आहे; जंगलाच्या बाबतीत ज्याला पूर्वापार प्रवेश होता त्याच्यापासून ते बाजूस काढणे हा अर्थ होता. एकाच विशेषणाने प्रवेश देणे आणि प्रवेश नाकारणे अशा परस्परविरोधी गोष्टी साधल्या जातात, त्याचे रहस्य शब्दात नसून शब्दाच्या पूरकात आहे.

भंडारा जिल्ह्याला या अर्थाचा एक ऐतिहासिक अनुभव आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा द्विसदस्य लोकसभा मतदारसंघ होता: एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. १९५४ साली तेथे पोटनिवडणूक झाली. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा पराभव केला. त्या पद्धतीत राखीव होती ती जागा, मतदारसंघ नव्हे. प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि राखीव जागेचा निर्णय सर्व जातींच्या मतदारांच्या मतांनी होत असे. म्हणजे ‘राखीव’ हे विशेषण उमेदवाराची पात्रता मर्यादित करीत होते, मतदाराची नव्हे. संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा आणि विभक्त मतदारसंघ यांतील फरक, ज्यावर १९३२चा पुणे करार झाला, तो याच मुद्द्यावर उभा आहे.

‘राखीव’ म्हणजे किमान की कमाल, हा पुढचा प्रश्न न्यायालयात गेला. १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम् या द्विसदस्य मतदारसंघात अनुसूचित जमातींचे दोन्ही उमेदवार निवडून आले. एक राखीव जागेवर, आणि दुसरे उरलेल्या उमेदवारांत अधिक मते मिळाल्याने सर्वसाधारण जागेवर. पराभूत उमेदवार होते पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी. त्यांचे म्हणणे असे होते की, अनुसूचित जमातीचा उमेदवार म्हणून जो उभा राहिला त्याला सर्वसाधारण जागा घेता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली हे म्हणणे फेटाळले. राखीव जागा ही तळमर्यादा आहे. ती कुंपण नाही. ‘सर्वसाधारण’ म्हणजे इतरांसाठी राखीव नव्हे, सर्वांसाठी खुले. या निर्णयातील अर्थविचार कोशकारांनी अभ्यासावा इतका स्वच्छ आहे. ‘सर्वसाधारण’ला ‘राखीव’चा विरुद्धार्थी समजण्याची चूक अद्यापही विद्यार्थ्यांच्या निबंधांत आढळते. द्विसदस्य मतदारसंघ १९६१च्या कायद्याने संपले, आणि तेव्हापासून ‘राखीव’ हे जागेबरोबर मतदारसंघाचेही विशेषण झाले. आजच्या भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघातील सहा विधानसभा क्षेत्रांपैकी भंडारा आणि अर्जुनी-मोरगाव ही दोन अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. साकोली सर्वसाधारण आहे.

‘आरक्षित’ या प्रतिस्पर्धी शब्दाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. हिंदीच्या आणि प्रशासनाच्या प्रभावाने तो मराठीत स्थिरावला. ‘आरक्षण’ हे नाम तर अपरिहार्यच झाले, कारण ‘राखीव’पासून सुटसुटीत भाववाचक नाम साधत नाही. ‘राखीवता’ कोणी म्हणत नाही आणि म्हणू नये. साकोलीला रेल्वे नाही. जवळचे स्थानक सौंदड, आणि तेथून प्रवास करणाऱ्याचे आसन ‘आरक्षित’ असते, एस.टी.तील मात्र ‘राखीव’. यात एक सूक्ष्म भेद पडू लागला आहे असे दिसते. आरक्षित आसन एका विशिष्ट व्यक्तीने पैसे भरून धरलेले असते. राखीव आसन एका वर्गासाठी नियमाने ठेवलेले असते. जंगल आरक्षित कधीच नसते. हा भेद कोणी ठरविलेला नाही; वापरातून तो निर्माण होत आहे, आणि म्हणूनच तो टिकण्याची शक्यता अधिक.

स्वभावदर्शक अर्थाला मराठीत ‘राखीव’ चालत नाही, याचे कारण आता सहज ध्यानात येईल. ‘ईव’ प्रत्ययान्त विशेषण दुसऱ्याने केलेल्या क्रियेचे फळ दाखविते. मनुष्य स्वतःला राखतो तेव्हा ते लागू पडत नाही. ‘मितभाषी’ हा शब्द बोलण्यापुरता, ‘अलिप्त’ हा संबंधांपुरता. ‘आतल्या गाठीचा’ यात कपटाचा वास येतो, जो इंग्रजी शब्दात नाही. ‘हातचे राखून वागणारा’ हे त्यातल्या त्यात जवळचे.

उरला प्रश्न विशेषण काढून टाकण्याचा. वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८० याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे केंद्र सरकारच्या पूर्वमान्यतेशिवाय राखीव वनाचे राखीवपण संपविता येत नाही. या क्रियेचे इंग्रजी नाव केवळ विशेषण मागे घेतल्याचे सांगते. झाडे तेथेच असतील. मराठीत तिच्यासाठी ‘निर्वनीकरण’ हा शब्द रूढ आहे, आणि तो ऐकणाऱ्याला कुऱ्हाडीचा आवाज ऐकू येतो. याउलट सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी सांगितले की, ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा अर्थ कोशातल्याप्रमाणे घ्यावा. जंगल राखीव म्हणून, संरक्षित म्हणून किंवा आणखी कोणत्या नावाने नोंदलेले आहे यावर सर्व अवलंबून नाही. एका आदेशाने विशेषणाचा भार नामावर आला. विदर्भात त्याचे परिणाम दूरवर गेले. येथील महसुली कागदांत ‘झुडपी जंगल’ या नावाने नोंदलेल्या जमिनी होत्या, ज्यांवर झुडपांपलीकडे फारसे काही उगवत नसे आणि काहींवर शाळा, घरे, दफनभूमी उभ्या राहिल्या होत्या. मराठी बोलणाऱ्याच्या मनात येथील ‘झुडपी’ हे ‘जंगल’ या नामाला कमी करणारे विशेषण होते: नावाचे जंगल, खरे नव्हे. न्यायालयाने २२ मे २०२५ रोजीच्या निर्णयात नामाला प्राधान्य देऊन या जमिनी वनजमिनी ठरविल्या, आणि १९९६च्या त्या तारखेपूर्वी ज्यांचे वाटप झाले होते त्यांच्यासाठी नियमित करण्याचा मार्ग ठेवला.

२००६च्या वनहक्क कायद्यात या शब्दाच्या इतिहासातील एक निराळी घटना घडली आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात निस्ताराचा हक्क ‘निस्तार’ याच नावाने आला. एका प्रादेशिक शब्दाला केंद्रीय कायद्याच्या इंग्रजी मजकुरात जागा मिळाली. त्याच कलमात, ज्या सामूहिक वनाचे ग्रामस्थ परंपरेने रक्षण करीत आले आहेत त्याचे रक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यांना देण्यात आला. आणि सामूहिक वनसंपदेच्या व्याख्येत राखीव वने, संरक्षित वने, तसेच अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांचाही समावेश आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली असा हक्क मिळाला. कायद्याच्या दृष्टीने आता तेच जंगल राखीवही असू शकते आणि राखलेलेही. पहिल्या विशेषणाचा कर्ता शासन, दुसऱ्याचा ग्रामसभा. आणि दोघांच्या क्रियेला मराठीत क्रियापद एकच.